स्टेअरिंगची डुगडुग : पांदणीवर चालणाऱ्या चारचाकीत दोष शोधण्याचा क्रम

सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या चारचाकीची पुढची चाके वेगात असताना अचानक डावी-उजवीकडे जोरात हलू लागणे आणि स्टेअरिंग कोणीतरी हातातून हिसकून घेतल्यासारखे फिरू लागणे, हा अनुभव ज्याने एकदा घेतला तो त्याला विसरत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी वरोऱ्याहून चिमूरकडे येताना एका मोरीच्या सांध्यावर चाक आदळले आणि माझ्या जुन्या जिप्सीने साठच्या वेगात नेमके हेच केले. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी दोनदा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के पचवणारा भाग) बदलला, तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केली आणि एकदा स्टेअरिंग बॉक्स आवळून घेतला. दर वेळी आठ-पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी दोष निघाला तो डाव्या किंगपिनच्या, म्हणजे ज्या खुंटीभोवती चाक डावी-उजवीकडे वळते तिच्या, खालच्या बेअरिंगमध्ये, आणि तो शोधायला योग्य क्रमाने गेलो असतो तर अर्धा दिवस पुरला असता. तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

विदर्भात, विशेषतः ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि नवेगाव-नागझिरा या जंगलांच्या वेशीवरच्या गावांत, जिप्सी अजून पुष्कळ आहेत. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत सामान्य ग्राहकांना मिळत राहिली. शेतकऱ्यांकडे महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपही आहेत. या गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल सलग असून तो पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला असतो. पुढचे विवेचन मुख्यतः अशा गाड्यांसाठी आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांच्याबद्दल शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

सलग अ‍ॅक्सलमध्येच हा त्रास इतका उग्र का होतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. दोन्ही चाके एकाच दांड्याच्या दोन टोकांना असल्यामुळे एक चाक उचलले की संपूर्ण अ‍ॅक्सल कलतो. वेगाने फिरणारे चाक असे कलवले की ते किंगपिनभोवती वळण्याचा प्रयत्न करते, आणि टायरॉडमुळे, म्हणजे दोन्ही चाके सोबत वळवणाऱ्या आडव्या दांड्यामुळे, दुसरे चाकही त्याच्यासोबत वळते. जोडणीत कोठेही खेळ नसेल तर ही हालचाल तेथल्या तेथे विरून जाते. खेळ असेल तर चाक तेवढ्या मोकळ्या जागेत आपटते, परत फिरते, पुन्हा आपटते, आणि ठरावीक वेगाला हे झोके एकमेकांना बळ देत वाढत जातात. म्हणून धक्का देणारी गोष्ट आणि धक्का वाढू देणारी गोष्ट या दोन्ही शोधायच्या असतात. पहिली बहुधा टायरमध्ये सापडते आणि दुसरी सांध्यांमध्ये.

लक्षण वहीत उतरवावे

पाना हातात घेण्यापूर्वी दोन दिवस गाडी नेहमीप्रमाणे, पण जपून चालवावी आणि काय होते ते लिहून ठेवावे. थरथर ठरावीक वेगाला, म्हणजे समजा साठ ते ऐंशीच्या दरम्यान, हळूहळू सुरू होते आणि वेग बदलला की जाते, असे असेल तर चाकाचे संतुलन, वाकलेली रिम किंवा टायरचा आतला थर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. खड्डा, गतिरोधक किंवा मोरीचा सांधा लागल्यावर एकदम जोराची डुगडुग सुरू होते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत बंद होत नाही, असे असेल तर किंगपिन, टायरॉड एंड (टायरॉडच्या टोकाचा सांधा), बुश (सांध्यातले नळीसारखे अस्तर) आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) यांच्याकडे वळावे. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर ब्रेकची तबकडी असमान झिजली आहे असे धरून चालावे. स्टेअरिंग थरथरत नाही पण गाडी रस्ता सोडून भरकटते आणि सतत दुरुस्ती करत चालवावी लागते, ही तक्रार टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) किंवा स्टेअरिंग बॉक्सची असते. या चार तक्रारी मिस्त्रीपुढे "स्टेअरिंग हालते" एवढ्या एकाच वाक्यात मांडल्या जातात, आणि चुकीच्या दुरुस्तीची सुरुवात तेथेच होते.

त्रास केव्हापासून आहे, हेही लिहावे. नवे टायर टाकल्यावर, रुंद रिम बसवल्यावर, पाटे वाढवून गाडी उंच केल्यावर किंवा नाल्यातून पाणी गेल्यावर सुरू झाला असेल तर निम्मा शोध तेथेच संपतो.

हे निरीक्षण चालू असताना डुगडुग सुरू झालीच तर ॲक्सिलरेटर सोडावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण न झगडता धरावे आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नयेत. स्टेअरिंगच्या आडव्या आरीच्या झटक्याने अंगठा मोडू शकतो. एकदम जोराने ब्रेक दाबल्यास पुढच्या चाकांवर भार वाढतो आणि हिसके अधिक तीव्र होऊ शकतात. दोष सापडेपर्यंत गाडीत पर्यटक किंवा शाळेची मुले बसवू नयेत.

माती, हवा, टायर

आपल्याकडची काळी माती हे थरथरीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. पावसाळ्यात पांदणीतून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला ही माती थापली जाते, सुकून दगडासारखी होते आणि बाहेरून दिसत नाही. हिशेब करून पाहावा. पंधरा इंची रिमच्या आत एकाच बाजूला २०० ग्रॅम माती चिकटली असेल, तर ७० च्या वेगाला ती चाकाला सुमारे १२ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत, म्हणजे सेकंदाला जवळपास नऊ वेळा, दिशा बदलते. वेग निम्मा केला तर जोर एक-चतुर्थांश उरतो, म्हणून शेतात काहीच जाणवत नाही आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर हात थरथरतात. चाक काढून आतली बाजू खरवडून धुवावी. नुसता पाण्याचा फवारा पुरत नाही.

हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढले की हवेचा दाब साधारण एक पाउंडने वाढतो, त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूरच्या दुपारी मोजलेला आकडा फसवा असतो. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत करावी. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत लवचिक होते आणि डुगडुगीला आमंत्रण देते.

नंतर पुढचे एकेक चाक उचलून हाताने फिरवावे आणि रिमजवळ विटेवर एक खडू स्थिर धरावा. रिम खडूपासून एक-दीड मिलिमीटर मागेपुढे झाली तर चालते. तीन मिलिमीटरच्या पुढे गेली तर रिम वाकलेली आहे. हीच कसोटी टायरच्या नक्षीवर घ्यावी. नक्षी एका जागी फुगीर दिसली तर आतला थर सुटला आहे, आणि असा टायर संतुलनाच्या यंत्रावर कितीही शिसे लावले तरी सुधारत नाही. रिट्रेड केलेले टायर पुढे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंका उरलीच तर पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जावे. थरथर हातातून निघून आसनाखाली गेली तर दोष चाकांत आहे. काहीच बदलले नाही तर पुढच्या पायरीकडे जावे. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही, तरीही ती क्वचितच केली जाते.

चाके जमिनीवर असताना सांधे पाहणे

ही संपूर्ण तपासणीतली सर्वांत मोलाची पायरी आहे. अनेक जण गाडी उचलून सांधे हलवून पाहतात. पण उचललेल्या गाडीत सांध्यांवर भार नसतो आणि थोडा खेळ लपून राहतो. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. एका माणसाने आत बसून स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढ्याच अंतरात, थोडे झटक्याने, सलग डावी-उजवीकडे फिरवावे. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने खाली वाकून, स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत, एकेक सांधा पाहावा आणि त्यावर बोट टेकवून ठेवावे. डोळ्यांना न दिसणारा खेळ बोटाला कळतो.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॉक्स चेसीवर हलतो आहे का ते पाहावे. त्याचे बोल्ट ढिले असतात किंवा त्यांच्याभोवती चेसीच्या पत्र्याला केसासारखी भेग गेलेली असते. नंतर बॉक्समधून येणारा दांडा आणि त्याच्या टोकावरचा हात, म्हणजे पिटमन आर्म, सोबत फिरतात का ते पाहावे. मग पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे ड्रॅगलिंकची, दोन्ही टोके, मग टायरॉडची दोन्ही टोके. सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा क्षणभर थांबून मग हलतो, असे दिसले की तो टायरॉड एंड बदलावा. टायरॉड एंडचे रबर फाटलेले असेल तर आत माती गेलीच आहे असे समजावे. शेवटी पाट्यांचे बुश पाहावेत. स्टेअरिंग फिरवल्यावर चाक वळण्यापूर्वी अ‍ॅक्सलच आडवा सरकत असेल तर बुश संपले आहेत.

नवा टायरॉड एंड बसवताना स्प्लिट पिन नवीच घालावी. वाकलेला टायरॉड तापवून सरळ करणे किंवा तुटलेल्या आर्मला वेल्डिंग मारणे, हे गावातल्या कोणत्याही अडचणीत करू नये. हा भाग चालत्या गाडीत तुटला की स्टेअरिंग आणि चाके यांचा संबंधच संपतो.

चाके उचलून

काळ्या मातीवर जॅक लावल्यास तो खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी घ्यावी आणि गाडी उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली घोडी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. आता चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेकचे पेडल दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बेअरिंगचा आहे. तसाच राहिला तर तो किंगपिनचा आहे. या एका युक्तीने माझे चार महिने वाचले असते. चाक डाव्या आणि उजव्या बाजूने धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर पुन्हा टायरॉडकडे पाहावे.

हबच्या बेअरिंगचा खेळ बहुतेक वेळा नट योग्य तऱ्हेने बसवल्याने जातो. चाक फिरवत नट आवळावा, मग थोडा मागे घ्यावा आणि पुस्तकात दिलेल्या मापाला लॉक करावा. बेअरिंग फिरताना खरखरत असेल तर मात्र ती काढून पाहावी लागेल.

किंगपिन

किंगपिनवर मी जास्त लिहितो, कारण आमच्या भागात हा दोष सर्रास आढळतो आणि सर्वांत उशिरा सापडतो. चाक ज्या नकलवर बसते ती वर आणि खाली अशा दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर वळते. या बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाहीत. आयुष्यभर त्या थोड्याशा कोनात मागेपुढे होतात आणि बहुतेक काळ सरळ स्थितीत उभ्या राहून खड्ड्यांचे धक्के खातात. त्यामुळे रोलरांच्या खुणा कड्यावर उमटतात आणि बरोबर सरळ स्थितीतच खाचा तयार होतात. त्यात नाल्यातून गाडी गेली की नकलच्या मागचे जुने सील पाणी आणि गाळ आत सोडते, ग्रीस दुधाळ होते आणि गंज चढतो. पावसाळ्यात वारंवार पाण्यातून जाणाऱ्या गाडीचे नकल दर वर्षी दिवाळीच्या सुमारास, पांदणी सुकल्यावर, उघडून पाहावेत.

तपासणीसाठी टायरॉड आणि ड्रॅगलिंक नकलपासून सोडवावेत आणि नकल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावी. मधोमध खाच लागल्यासारखी अडली, किंवा सरळ स्थितीत सैल आणि कडेला घट्ट लागली, तर बेअरिंग बदलण्यावाचून पर्याय नाही. बेअरिंग चांगली असून नकल एकदम सैल फिरत असेल तर शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) कमी करून तिला योग्य दाब द्यावा लागतो. तो दाब अंदाजाने देऊ नये. मागचे सील काढून, टायरॉडच्या छिद्रात स्प्रिंगकाट्याचा हुक अडकवून काटकोनात ओढावे आणि नकल हलू लागते त्या क्षणी काटा किती दाखवतो ते गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. वेचणीच्या कापसाचे गाठोडे तोलायचा मोठा काटा येथे उपयोगी नाही, कारण येथले वजन एक-दोन किलोच्या आसपासचे असते. भाजीवाल्याकडचा लहान काटा चालतो. वरच्या आणि खालच्या शिम सारख्या प्रमाणात काढाव्यात, म्हणजे नकल मध्यभागी राहते.

खाचा पडलेल्या बेअरिंगवर शिम काढून दाब देणे ही फार प्रचलित चूक आहे. डुगडुग काही दिवस थांबते, पण स्टेअरिंग सरळ स्थितीत अडकू लागते आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही. माझ्या गाडीवर एकाने हेच करून दिले होते.

पाटे, यू-बोल्ट आणि कोन

पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल तर अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत फितीने मोजावे. डाव्या-उजव्या मापात लक्षात येण्याजोगा फरक असेल तर पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडून पाहावे. शॅकलच्या, म्हणजे पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीच्या, पिना आणि बुश टामीने (लोखंडी पहारीने) उचकटून पाहावेत. नवे पाटे बसवल्यावर यू-बोल्ट एकदा आवळून भागत नाही; पाटे बसले की ते ढिले होतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा आवळावेत.

किंगपिनचा माथा किंचित मागे झुकलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो तसेच हे, आणि त्याच्यामुळेच चाक सरळ राहू पाहते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल टाकले की अ‍ॅक्सलचा माथा पुढे येतो, कॅस्टर घटतो आणि गाडी सरळ जायला कुरकुरते. उंच केलेल्या गाडीत डुगडुग असेल तर कोन मोजून घ्यावा आणि पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून तो परत आणावा. रुंद, बाहेर आलेल्या रिम आणि स्पेसर यांनी प्रत्येक धक्क्याला लांब दांडा मिळतो आणि चाक किंगपिनभोवती जोराने फिरते. दिसायला गाडी भारी वाटते, तरी मी त्याच्या विरोधात आहे.

टो-इन घरीच मोजता येते. प्रत्येक पुढच्या टायरच्या मधोमध, चाक फिरवत, खिळ्याने एक बारीक रेघ पाडावी. गाडी खाली ठेवून थोडी पुढे ढकलावी, म्हणजे पाटे स्थिरावतात. मग हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधले अंतर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला मोजावे. पुढचे माप मागच्यापेक्षा काही मिलिमीटरांनी कमी असावे. नेमका आकडा आपल्या गाडीचा घ्यावा. दुरुस्ती टायरॉड फिरवून होते आणि शेवटी चेकनट (टायरॉडला त्या मापावर धरून ठेवणारा नट) आवळावा लागतो. सांध्यांतला खेळ काढण्यापूर्वी अलाइनमेंट करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, कारण सैल सांध्यांवरचे माप गाडी हलताच बदलते.

बॉक्स आणि डॅम्पर शेवटी

स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावरचा स्क्रू आवळून खेळ कमी होतो खरा, पण बॉक्सच्या आतला दांडा मधोमधच सर्वाधिक झिजलेला असतो. तेथला खेळ काढण्याइतका स्क्रू आवळला की वळणावर बॉक्स जाम होतो. पाव फेऱ्यापेक्षा जास्त आवळावा लागत असेल तर बॉक्स उघडूनच पाहावा. आधी तेलाची पातळी पाहावी. जुन्या जीपमध्ये बॉक्स कोरडा सापडणे नवे नाही.

डॅम्पर हा धक्के पचवण्यासाठी असतो. सांध्यांत खेळ असताना नवा डॅम्पर बसवला तर तो हिसके झाकतो आणि तेवढ्या काळात टायरॉड एंड व किंगपिन आणखी झिजतात. म्हणून शोध चालू असताना डॅम्पर काढून ठेवावा. डॅम्पर नसताना गाडी पन्नासच्या वेगाला मोरीवरून शांत गेली तरच दोष निघाला असे समजावे आणि मग चांगला डॅम्पर बसवावा.

स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनच्या बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा थारमध्ये किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट असतात, आणि खालच्या आर्मचे बुश हे त्यांचे कच्चे अंग आहे. आर्मखाली जॅक लावून स्प्रिंगचा भार उचलावा, मग टामीने बॉल जॉइंट वर-खाली करून पाहावा. टायरची, जमिनीवरची आणि ब्रेकची कसोटी तशीच लागू आहे. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत सलग अ‍ॅक्सल कॉइल स्प्रिंगवर आहे, म्हणून तेथे अ‍ॅक्सलला आडवा धरणाऱ्या दांड्याचे बुश आणि बोल्ट सर्वप्रथम पाहावेत. तो ढिला असेल तर बाकी सगळे चांगले असूनही चाके हलतात.

ज्या बाजूला दोष सापडला तिच्या समोरची बाजूही उघडून पाहावी, कारण धक्के दोघींनी मिळून खाल्लेले असतात. किंगपिनच्या बेअरिंग आणि सील नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. दुरुस्तीनंतर चाकांचे नट, यू-बोल्ट आणि चेकनट पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासावेत, आणि ज्या मोरीवर, ज्या वेगात डुगडुग प्रथम सुरू झाली होती त्याच मोरीवरून, रस्ता मोकळा असताना, आधी तीसने, मग चाळीसने आणि शेवटी त्याच वेगाने जाऊन खात्री करून घ्यावी. माझी जिप्सी त्या सांध्यावरून गेली तेव्हा स्टेअरिंगवर हलकासा ठोका जाणवला आणि पुढच्याच क्षणी ते स्थिर झाले.